रिकामी बाटली

ओहोळ साफ करताना वनिता तेंडोलकरच्या हाती प्लास्टिकची रिकामी पिशवी लागली. पिशवीवर तिच्याच कोकम सरबताच्या कारखान्याचं नाव होतं. तिनं तिथंच ठरवलं, यापुढे सरबत काचेच्या बाटलीतून जाईल आणि बाटली परत येईल.

"काच नको, वहिनी," कोल्हापूरचे व्यापारी पाटणे फोनवर म्हणाले. "रिकाम्या बाटल्या सांभाळत कोण बसणार? पिशव्याच पाठवा, नाहीतर आपला व्यवहार थांबला."

निम्मा माल त्यांच्याकडेच जायचा. तरी ती म्हणाली, "मग थांबू दे."

ती स्वतः टेम्पोत बसली आणि कोल्हापुरातली छोटी दुकानं पालथी घातली. बरेच जण नाही म्हणाले. जे हो म्हणाले, त्यांच्याकडून बाटल्या परत येऊ लागल्या. काही बाटल्यांना लोकांनी घरी भरलेल्या तेलाचा वास यायचा. कारखान्यातल्या बायका कुरकुरल्या, तेव्हा तीच गरम पाण्याचं घमेलं घेऊन धुवायला बसली. हळूहळू त्याही पदर खोचून शेजारी आल्या.

उन्हाळा सरताना पाटण्यांचा फोन आला. "वहिनी, गिऱ्हाईकं तुमच्या रिकाम्या बाटल्या माझ्याच दुकानात आणून देतायत. काय करू?"

"ठेवून घ्या," ती म्हणाली. "उद्या टेम्पो तुमच्याकडे भरलेल्या बाटल्या उतरवेल आणि रिकाम्या घेऊन येईल."