फुलीला दोन रेघा

टेबलावर दोन गिटारी होत्या, म्हणजे बारा तारा. शिवाय एक वही, एक पेन्सिल, एक खोडरबर, एक नाणं आणि एक घडी घातलेला रुमाल. गिटारी एकाच कारखान्यातल्या, एकाच लाकडाच्या. तारा दोन्हींवर त्याच सकाळी चढवलेल्या. एकीवर साध्या, दुसरीवर कोटेड. म्हणजे घाम धातूपर्यंत पोचू नये म्हणून वरून अगदी पातळ थर दिलेल्या.

तिसरी गिटार भिंतीला टेकवून ठेवली होती. ती एका गायिकेची. गायिका रोज संध्याकाळी हॉटेलात गायची आणि तिच्या घामाने तारा दहा दिवसांत मरायच्या. कोटेड तारा जास्त टिकतात हे तिने ऐकलं होतं. आवाजाचं काय, तेवढं तिला दुकानाच्या मालकांकडून हवं होतं. "काका म्हणतील त्या लावायच्या," असं सांगून ती गेली होती. पाच वाजता येणार होती.

मालकांचं मत अख्ख्या बाजाराला पाठ होतं. कोटेड तार म्हणजे तोंडावर रुमाल धरून गाणं.

"पण बाबा, न बघता कधी ऐकलंय का?" मुलीने विचारलं. विज्ञानाची पदवी घेऊन ती नुकतीच दुकानात बसू लागली होती.

तिला वाटलं होतं, अर्धा तास हुज्जत घालावी लागेल. पण वडील लगेच उठले, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि पाठ करून बसले.

"छापा पडला की साधी वाजव, काटा पडला की कोटेड. दहा वेळा. मध्ये बोलायचं नाही."

नाण्याचा आवाज नको म्हणून ती ते रुमालावर पाडत होती. दर वेळी एकच तार, एकाच जोराने.

"साधी," वडील म्हणाले. बरोबर. तिने वहीत खूण केली.

"कोटेड." बरोबर.

"साधी. बघ कशी लखलखते!" ती कोटेड होती. तिने फुली मारली.

सातव्या वेळेपर्यंत तिने त्यांच्या पाठीकडे बघणं सोडून दिलं होतं. सकाळी याच माणसाने दोन्ही गिटारी नुसत्या कानाने सुरात लावल्या होत्या, आणि तिने यंत्राने तपासल्या तेव्हा यंत्राची सुई बरोबर मध्यावर होती. त्यात आश्चर्य नव्हतं. सूर खालच्या कंपनांत असतो. आवाजातली चमक अगदी वरच्या. आणि वयाबरोबर कान वरून झिजत येतो.

दहावी वेळ. "कोटेड," वडील म्हणाले. "ही नक्की कोटेड."

रुमालावर छापा होता. पेन्सिल कागदावर थांबली. मग तिने बरोबरची खूण केली.

"किती?"

"सहा."

"शेवटची खोड."

"का?"

"वही टेबलावर ठेवून लिहितेस. बरोबरला एक रेघ, फुलीला दोन. दुसरी रेघ तू आपटतेस, लहानपणापासून. तेवढं येतं मला ऐकू." ते अजून भिंतीकडेच बघत होते. "शेवटची खूण उशिरा आली. बरोबर उत्तराला एवढा विचार लागत नाही."

तिने खोडलं आणि फुली मारली. दोन रेघा.

"पाच," ती म्हणाली.

"नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढीच आली असती."

"हो."

"बरं झालं. एकदा बघायचंच होतं."

"तारांचं?"

"तारांचं कशाला?"

पाच वाजून सहा मिनिटांनी गायिका आली. "काय काका, काय ठरलं? रुमाल धरू की नको तोंडावर?"

"मला फरक ऐकू येत नाही," वडील म्हणाले. उद्या दुकान बंद आहे, असं सांगावं तसं. "हिला विचारा."

गायिका हसली. मग तिला भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची दिसली आणि ती हसायची थांबली.

मुलीने तिसरी गिटार उचलून एक तार छेडली. खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. "ही तुमची. साध्या तारा, नऊ दिवस वापरलेल्या. नव्या असताना साध्या तारा कोटेडपेक्षा किंचित जास्त चमकतात, ते खरंय. पण ती चमक चार दिवसांची. कोटेड लावा. पहिल्या दिवशी थोडं कमी मिळेल, पण दोन महिने तेवढंच मिळत राहील."

"किंचित म्हणजे किती गं? आणि काकांना जे कळत नाही ते तुला कसं कळतं? काल आलीस दुकानात!"

मुलीने वडिलांकडे पाहिलं.

"बरोबर विचारतायत त्या," वडील म्हणाले. त्यांनी खुर्चीवर हात ठेवला. "बस इथे. तोंड भिंतीकडे."

"बाबा, मीच तर मगाशी वाजवत होते. मला माहितीये..."

"मलाही तीस वर्षं माहीत होतं. वहीला नातंगोतं नसतं. बस."

ती बसली. वडिलांनी रुमालाची घडी नीट केली, नाणं उचललं, आणि वही-पेन्सिल गायिकेच्या हातात दिली.

"टेबलावर ठेवू नका," ते हळूच म्हणाले. "हातातच धरा."

वडिलांच्या खुणांच्या ओळीखाली गायिकेने नवी ओळ आखली. नाणं दहा वेळा पडलं.

दहापैकी नऊ.