चांगला रिपोर्ट

खोकत आलेल्या सातार्डेकर काकूंच्या पाठीला डॉक्टर नेवगींनी स्टेथोस्कोप लावला, तशा त्या म्हणाल्या, “आधी रक्त तपासा ना, यांचं तपासलं होतं तसं.”

महिन्यापूर्वी याच खुर्चीत काकूंचे यजमान, सातार्डेकर मास्तर, धापा टाकत बसले होते. सीआरपी, म्हणजे रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन, कमी आलं होतं. विषाणूच्या तापात तो आकडा फसवतो, हे डॉक्टरांना काय ठाऊक नव्हतं? पण बाहेर पेशंट खोळंबले होते. नुसता कागद पाहून त्यांनी मास्तरांना घरी पाठवलं. चौथ्या दिवशी मास्तर न्यूमोनियाने गेले.

“किती चांगला आला होता हो रिपोर्ट!” काकू म्हणाल्या. “तुम्ही काही कमी केलं नाहीत. त्यांचं आयुष्यच तेवढं.”

“मोठा श्वास घ्या, काकू,” डॉक्टर म्हणाले. मास्तरांना त्यांनी एवढंही सांगितलं नव्हतं.