घणाचा मान

ट्यूबचं सील अजून फुटलेलं नव्हतं. सुनेनं ती कपाटातून काढली आणि थेट सासऱ्यांच्या ताटापाशी आणून ठेवली.

"बाबा, हे औषध कपाटाला लावायला दिलंय का?"

"लावतो गं. पळून चाललंय का ते?"

सासरे उघडेबंब जेवत होते, डाव्या खांद्यावर नात झोपलेली. भट्टीपुढं जन्म गेलेल्या लोहाराच्या अंगावर घरात सदरा टिकत नसे. आणि ती चिमुरडी दुसऱ्या कुणाकडे झोपत नसे. आईनं घेतलं तरी रडून घर डोक्यावर घ्यायची.

पण सुनेला घोर लागला होता तो सासऱ्यांचा. पहाडासारखा माणूस वर्षभरात ओसरत चालला होता. दुपारी ऐरणीशेजारी डुलक्या, रात्री डोळ्याला डोळा नाही, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड. दंड सैल पडलेले. शेवटी तिनंच हट्टानं त्यांना दवाखान्यात नेलं. सकाळच्या वेळी दोनदा रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय झालं की पुरुषांचंही हार्मोन उतरतं. यांचं जरा जास्तच उतरलंय. इंजेक्शन यांना सोसणार नाही. हे जेल रोज खांद्यांना चोळायचं." सासऱ्यांना तिथंच बसवून ती औषध आणायला खाली गेली होती. त्याला महिना होत आला.

"यात लाजायचं काय आहे, बाबा?"

"लाजतोय कोण? अर्ध्या शहराची फाटकं या हातांनी घडवलीत. ट्यूबमधून ताकद पिळून घ्यायची वेळ नाही आली माझ्यावर."

रात्री नवरा म्हणाला, "बाबांचा ताठा ऐरणीपेक्षा जुना आहे. तू कशाला डोकं आपटून घेतेस?"

पुढच्याच आठवड्यात वाचनालयाच्या मोठ्या फाटकाचं काम निघालं. मोठा घण सासऱ्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, पोटच्या पोरालाही नाही. ती चहा घेऊन कारखान्यात गेली तेव्हा त्यांनी तो उचलला. एक घाव बसला. दुसऱ्याला दांडा हातातून निसटला आणि घण जमिनीवर आदळला. भाता थांबला.

सासऱ्यांनी कपाळ पुसलं, घण उचलून मुलाच्या हाती दिला. "घे. आजपासून याचा मान तुझा. आणि कमरेतून मार, नाहीतर लोखंड हसेल तुला."

आवाज ठणठणीत होता. सुनेनं मात्र चहा तसाच खाली ठेवला. एवढा मोठा माणूस, आणि नुसत्या हेकेखोरपणानं हातचं घालवून बसला.

दुसऱ्या दिवशी ती तडक दवाखान्यात गेली. "तुम्हीच समजवा आता. औषधाला बोट लावलं नाही त्यांनी. ताठ्यापायी घण गेला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला बोलले नाहीत? त्या दिवशी तुम्ही खाली गेलात तेव्हा त्यांनी एकच विचारलं, नात उघड्या खांद्यावर झोपते, चालेल ना. मी म्हटलं, मुळीच नाही. जेल बाळाच्या अंगात उतरतं, बाधतं. सदरा घालून घेत जा तिला. तर म्हणे, कापड लागलं की ती जागी होते. मग ती मोठी होईपर्यंत थांबतो म्हणाले."

"आणि अंगातली ताकद?"

"मीही तेच विचारलं. तर छाती पुढं काढून म्हणतात, घण काय, कुणीही उचलेल, डॉक्टर. ती फक्त माझ्याकडे झोपते."