अकरावा कागद

"मी सही करणार नाही," मुलगी म्हणाली आणि तिनं कागद टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ढकलला.

सकाळपासून सगळं कसं सुरळीत चाललं होतं. वडिलांनी आपल्या माघारी लागणारी कागदपत्रं एका फाईलमध्ये लावली होती आणि प्रत्येक कागदाला दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधली होती. घराचे कागद, पेन्शनचं पुस्तक, विम्याची पॉलिसी. पाण्याची टाकी कोण साफ करतो त्याचा नंबरसुद्धा. "चिठ्ठी बांधल्याशिवाय तुम्हाला करमत नाही. एक दिवस मलाही बांधाल," असं ती मघाशी चेष्टेनं म्हणाली होती आणि दोघंही हसले होते. 'पाहिलं' अशी खूण म्हणून तिनं दहा कागदांवर डोळे झाकून सह्या ठोकल्या. अकराव्यावर वरच वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'देहदान'. तिथं तिचं पेन अडलं.

वडिलांनी त्याच महाविद्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली होती. शरीररचना विभागात, मदतनीस म्हणून. दान म्हणून आलेले आणि बेवारस मृतदेह उतरवून घ्यायचे, औषधात ठेवायचे, शिकणाऱ्या मुलांसाठी टेबलावर मांडायचे, हे त्यांचं काम. लहानपणी कुणी विचारलं की ती "कॉलेजात आहेत" एवढंच सांगायची. लोक समजायचे, प्राध्यापक असतील. ती तसं समजू द्यायची. त्याची तिला अजून लाज वाटे. पण आजची गोष्ट वेगळी होती.

"बाबा, तिथं काय चालतं ते मला माहितेय. तुम्हीच सांगायचात. पोरं घाबरतात आणि घाबरलेली पोरं फिदीफिदी हसतात. माझ्या बापाकडे बघून कुणी हसलेलं मला चालणार नाही."

"पहिल्या दिवशी हसतात. नंतर नाही हसत."

"एक दिवस तरी का? आणि तुमची आठवण आली की मी काय कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहू?"

शिवणाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलणारी ही बाई, पण आज तिच्या तोंडाचा पट्टा सुटला तो थांबेचना. तिचं बोलून होईपर्यंत वडील एक दोरा बोटाला गुंडाळत बसले. मग त्यांनी तो कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"मथळा वाचलास. आता खालचं वाच."

तिनं वाचलं. देहदानाचा अर्ज त्यांनी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी भरला होता. तेव्हा घरच्यांची संमती म्हणून तिच्या आईनं सही दिली होती. तो अर्ज रद्द करावा, अशी विनंती या कागदात होती. कारणासाठी सोडलेल्या जागेत त्यांच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: मुलीला सोसणार नाही.

ती पार कानकोंडी झाली. "तुम्हाला कसं कळलं? मी तर कधी चकार शब्द काढला नव्हता."

"दहा वर्षांची होतीस. माझा डबा द्यायला विभागात आलीस आणि डबा तिथंच टाकून धूम ठोकलीस. तेव्हाच कळलं."

"मग अर्ज तेव्हाच का नाही रद्द केलात?"

"वाटलं, मोठी झालीस की सोसेल."

हा माणूस इतकी वर्षं एक इच्छा उराशी धरून बसला होता. आज तिच्यासाठी तो ती सोडून देत होता, तीही दहा कागदांच्या खाली ठेवून, गाजावाजा न करता. आणि त्याच माणसावर ती मघापासून तोंडसुख घेत होती.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला काय हवंय?"

"माझं जाऊ दे."

"फाईल तुमची आहे ना? मग तुमचंच सांगा."

"तिथंच जायचंय," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना तिथं ठेवून घेतलं. आपली पाळी आली की अंग काढून घेणं बरं दिसत नाही गं."

तिनं तो कागद उभा फाडला, मग आडवा. "हसू देत पोरं एक दिवस," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

वडिलांनी तुकडे गोळा करून टोपलीत टाकले. आता फाईल मिटायला हरकत नव्हती. ते मात्र फाईलवर तळवा ठेवून तसेच बसून राहिले.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "ते मी कुठं लिहिलेलं नाही."

"सांगा ना."

"शेकडो जणांना मी गाडीतून उतरवून घेतलं. बहुतेकांबरोबर ड्रायव्हरशिवाय कुणी नसायचं." त्यांनी फाईल मिटली. "मला सोडायला तू ये."