काकूंच्या स्वयंपाकघरातली उंची

थोरली माहेरी कायमची राहिली. पण हे झालं साध्य, आणि साध्य आधीच खरं धरून चालत नाही, असं बाबांचं म्हणणं. म्हणून ती अजून आलेलीच नाही, रिक्षात आहे. आणि बाबा खोलीत गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूची रेघ ओढताहेत.

"झाले दोन सारखे भाग," बाबा म्हणाले.

"सारखे?" धाकटी म्हणाली. "बाबा, चष्मा लावा."

चष्मा लावलेलाच होता. बाबा शाळेत भूमिती शिकवत. घरीही तेच करत, फक्त घंटा होत नसे.

खोली त्रिकोणी होती. इमारत दोन रस्त्यांच्या बेचक्यात बांधलेली, त्यामुळे कडेच्या या घराच्या वाट्याला जे उरलं ते आलं. आजवर ती सबंध खोली धाकटीची होती. आता थोरली नवऱ्याचं घर सोडून येत होती आणि फोनवर तिने एकच अट घातली होती. "अर्ध्याहून जास्त मला नको. धाकटीला कमी मिळालेलं दिसलं, तर मी दारातूनच परत फिरेन." कुठे, ते तिने सांगितलं नव्हतं. तिलाही माहीत नसावं.

म्हणून बाबांनी एका कोपऱ्यातून निघून समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर जाणारी रेघ काढली. मध्यावर दार होतं. तेही अर्धं अर्धं झालं. रेघेच्या अलीकडे एक गुटगुटीत तुकडा. पलीकडे एक लांबडा, टोकाकडे हळूहळू नाहीसा होत गेलेला. तो धाकटीचा.

"हा लहान आहे. दिसतंय की!"

"दिसण्यावर जाऊ नकोस. पाया सारखा, अर्धी अर्धी भिंत. उंची दोघांची एकच. मग क्षेत्रफळ सारखं."

"उंची कुठाय?"

बाबांनी कोपऱ्यातून भिंतीच्या रेषेवर मनातल्या मनात लंब टाकला. तो खोलीत पडेना.

"बाहेर पडते," ते म्हणाले. "शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात."

दोघं शेजारी गेली. काकू भांडी पुसत होत्या.

"आमच्या त्रिकोणाची उंची तुमच्याकडे आहे," बाबा म्हणाले.

काकूंनी छताकडे पाहिलं. बाबांनी फरशीकडे बोट दाखवलं. मग त्यांनी फ्रिज सरकवला, दोरी ताणली, खडूने रेघ मारली.

"किती दिवस राहणार ही?" काकूंनी विचारलं.

"ती आधीपासूनच होती," बाबा म्हणाले. काकू रेघेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फ्रिज परत जागेवर आणला, कारण प्लग तिथेच होता.

धाकटीने सगळी सिद्धता ऐकली. एकही पायरी चुकलेली नव्हती. घरी येऊन तिने पुन्हा खोली पाहिली. तुकडा अजून लहानच होता.

"पटलं," ती म्हणाली, "पण लहान आहे."

"मग तो दुसरा घे! सारखेच आहेत, मला काय!"

धाकटीने ताबडतोब उशी उचलून गुटगुटीत तुकड्यात टाकली. आता सिद्धतेवर नक्की कोणाचा विश्वास आहे आणि कोणाचा नाही, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात थोरली आली. अर्ध्या दारात उभी राहिली. तिने लांबडा तुकडा पाहिला. रस्त्याकडची अख्खी भिंत, सगळ्या खिडक्या त्यात. मग उशी मांडीवर घेऊन बसलेली बहीण पाहिली.

"एवढा लांबच्या लांब मला? आणि तिला ही डबी?"

"अगं, दोन्ही—" बाबा म्हणाले.

"मी काय सांगितलं होतं, बाबा?" थोरलीने खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली आणि वळली.

पाया, उंची, सगळं बाबांच्या ओठांवर होतं. पण पाठमोऱ्या मुलीला काय सिद्ध करून दाखवायचं, हे त्यांनी कधी शिकवलेलं नव्हतं.

धाकटी धावली. तिने दोन्ही हातांनी बॅग हिसकावली आणि स्वतःच मागच्या मागे आपटली. बॅगेत जवळजवळ काहीच नव्हतं. खाली बसल्या बसल्या ती क्षणभर बॅगेकडे बघत राहिली.

"ताई, थांब. सारखेच आहेत."

"मला दिसतंय ना!"

"दिसण्यावर जाऊ नकोस." आवाज थेट बाबांचा. "पाया सारखा, उंची सारखी."

"उंची कुठाय?"

"चल."

काकूंच्या स्वयंपाकघरात तिघं ओळीने उभी राहिली. समोर फ्रिज होता. थोरलीने फ्रिजकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग धाकटीच्या छातीशी धरलेल्या आपल्या बॅगेकडे पाहिलं.

"खाली आहे," धाकटी म्हणाली. मग ती काकूंकडे वळली, ताठ झाली आणि वर्गात अर्ज वाचावा तशी बोलू लागली. "काकू, आपणांस नम्र विनंती की, आमची ताई आमच्याकडे आहे तोवर आपण आपला फ्रिज सदर उंचीवरून हलवून अन्यत्र ठेवावा."

काकूंनी भिंतीवरच्या एकुलत्या एका प्लगकडे पाहिलं.

"तोवर म्हणजे किती दिवस?"

"कायमचा," धाकटी म्हणाली. "कळावे."