जुना पत्ता

"तक्ता तर बरोबर आहे, मग मशीन कोसळतंय कसं?" केतकीने वैतागून विचारलं.

कुठली गोष्ट मेमरीत कुठे ठेवलीय, त्या पत्त्यांचा तक्ता सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा जुना गचाळ कोड तिने झाडूनपुसून सुटसुटीत केला होता. तक्त्यात पत्ते नवे होते, तरी प्रोसेसर जुन्याच जागी जात होता.

"उद्यापर्यंत सापडलं नाही, तर तुझा बदल रद्द," रिव्ह्यू करणारे दिघे म्हणाले.

वाटभर तेच डोक्यात घोळवत ती घरी आली. किल्ली फिरेना. तिने जोर लावला, तेवढ्यात आतून सौमित्रने दार उघडलं. ती चक्रावली. हे घर आणि हा नवरा सोडून ती केव्हाच आईकडे राहायला गेली होती. हातात किल्लीही आईच्याच घराची होती.

"सापडलं!" ती एकदम ओरडली. "प्रोसेसरला जुने पत्ते पाठ असतात रे! ते पुसणारी ओळ मीच फालतू समजून उडवली."

"आत येऊन नीट सांग," तो नेहमीसारखा म्हणाला.

ओळ उद्या परत घालता येणार होती. आता उंबरा ओलांडायचा की मागे फिरायचं, हे मात्र तिला कळेना.