पावणेदोन कान

"खातं कायमचं बंद करायचं? नक्की?" फोननं पुन्हा विचारलं. तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक कशालाही हूं म्हणतं, तसं म्हाताऱ्या सलूनवाल्यानं 'हो'वर बोट दाबून टाकलं. चष्मा गल्ल्यावर राहिला होता. घाईच तशी होती. आतल्या खोलीत टॉवेल वाफवता वाफवता पोरीनं नुकतंच ओरडून सांगितलं होतं, "बाबा, फोनवर सलूनवाल्यांचा एक कट्टा सापडलाय! झाले मी सदस्य!"

त्याच कट्ट्यावर म्हातारा 'उलटा वस्तरा' या नावानं बसायचा. घरात कुणाला पत्ता नव्हता. तिथं त्यानं काय काय नाही लिहिलं! एका टकल्याचे केस कापायला आपल्याला अख्खी दुपार लागली, ही थापसुद्धा लोकांनी तिथं मिटक्या मारत वाचली होती. त्याची भीती नव्हती. भीती एकाच मजकुराची होती, आणि तो मजकूर ज्याच्यावर होता, ते गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीवर मान मागं टाकून पडलं होतं.

ते गणिताचे मास्तर. पोरगी कात्री धरायला शिकत होती, तेव्हा तिनं मास्तरांच्या डाव्या कानाचा तुकडा पाडला होता. मास्तर उठले. तुरटी दाबून घरी गेले आणि सगळ्यांना सांगत सुटले की शेजारच्या पोपटानं चावा घेतला. बापाला मात्र राहवलं नाही. त्यानं कट्ट्यावर लिहिलं. लोक खो खो हसले. उत्तरांवर उत्तरं आली.

म्हाताऱ्यानं आता चष्मा चढवला. पडद्यावर अक्षरं होती: 'आपलं नाव काढण्यात आलं आहे. ज्या लेखनाला उत्तरं आली, ते चर्चेसाठी तसंच राहील. बाकीचं लेखन पुसलं आहे.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग परत फिरायचं बटण कुठं आहे का, ते शोधलं.

कारण बाकीचंही त्यानंच लिहिलं होतं. 'आज पोरीनं पहिल्यांदा वस्तरा धरला. हात हलला नाही.' 'आज एका रडक्या पोराचे केस तिनं असे कापले की ते हसत घरी गेलं.' 'आज तिनं माझी दाढी केली. मला झोप लागली.' असं बरंच. पण दुसऱ्याच्या लेकीचं कौतुक वाचायला तिथं कोण बसलंय? त्यातल्या एकाही मजकुराला कधी उत्तर आलं नव्हतं.

पोरगी बाहेर आली. गरम टॉवेल तिनं मास्तरांच्या तोंडावर दाबून बसवला आणि स्टुलावर बसून फोन उघडला.

"ऐका बाबा, सगळ्यात गाजलेली चर्चा म्हणून वरच लावलीय. लिहिणारा कुणी माजी सदस्य आहे." तिनं हसत वाचायला घेतलं. "'माझ्या पोरीनं आज गिऱ्हाईकाचा कान कापला. देवानं हिला हातांऐवजी लाकडं दिलीत. दुकानाची वाट लावणार ही. कुणाला हवी असेल तर घेऊन जा, वर एक कात्री फुकट.' काय बाप आहे! खाली एकानं लिहिलंय, आमचं सुतारकाम आहे, लाकडं पाठवून द्या."

"दे सोडून. रिकामटेकडे असतात एकेक," म्हातारा म्हणाला.

"थांबा हो, पुढं आहे अजून. 'गिऱ्हाईक गणिताचे मास्तर. आजपासून पावणेदोन कानांचे...'"

वाचणं तिथंच थांबलं. तिनं मान वर केली. आरशात मास्तरांचा डावा कान स्वच्छ दिसत होता.

टॉवेलखालून आवाज आला, "पोपट होता तो."

कुणी हसलं नाही. पोरीनं अंगठ्यानं मजकूर खाली खाली सरकवला, अगदी तळापर्यंत.

"शेवटी एकानं विचारलंय," ती म्हणाली. "पोरगी शिकली का हो पुढं? तर त्याला उत्तरच नाही."

"दिलं असेल उत्तर. दुसरीकडं कुठं लिहिलं असेल."

"मग दिसलं असतं ना. तिथलं काही जात नाही म्हणतात." तिनं फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. "हसवून गेला, बाबा. सांगायला परत आला नाही."

मग तिनं मास्तरांची दाढी केली. एकदा खाली, एकदा उलटा वर, असा वस्तरा दोनदा फिरवला. कानाजवळ गेली तशी जरा जास्तच हळू झाली. पैसे देऊन मास्तर निघाले, दारात घुटमळले, म्हाताऱ्याकडं बघून डावा कान चाचपत गेले.

पोरीनं खुर्चीवरचे केस झटकले.

"बसा. वाढलीय तुमची."

"राहू दे. उद्या करू."

"बसा म्हणते ना."

म्हातारा बसला. तिनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फेस केला, गालांना लावला, हनुवटीला लावला. वस्तरा धारेसाठी पट्ट्यावर ओढून घेतला. आरशात दोघांची नजर एकदा भेटली. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. फेस ओठांवरून आत गेला.

"अगं पोरी, मी खूपदा लिहिलं..."

"आता बोलू नका," ती म्हणाली. "कापेल."

वस्तरा गळ्यावरून वर सरकत गेला. हात जराही हलला नाही.